दुरुस्तीची मुदत

पाच वर्षांत जोमा मढवी सभागृहात अकरा वेळा बोलले.
सात वेळा नुसतं 'मी सहमत आहे',
दोनदा मागच्या बाकांच्या गोंगाटात बुडाले,
एकदा प्रश्न विचारला, मंत्र्यांनी उत्तर पटलावर ठेवलं
(पटल म्हणजे टेबल, हे मीच त्यांना नंतर सांगितलं).
उरलं एक.
दोन मिनिटं चाळीस सेकंद.

मी त्यांचा सहायक. ठाण्याचा, नौपाड्यातला,
हिंदी बरं म्हणून घेतलेला.
भाषण मी लिहून दिलं होतं, टपोऱ्या अक्षरांत,
श्वास घ्यायचा तिथे उभी रेघ.
'दलदली भूमि' असा शब्द घातला होता,
माझा मलाच आवडलेला.
त्यांनी कागदाची घडी करून खिशात टाकली
आणि सारसोळ्याच्या बांधावरून हाळी द्यावी तसे बोलले:
अध्यक्ष महोदय, हमारा खाजन भर दिया.
पूरा खाजन भर दिया.
मातीचे ट्रक मोजून दाखवले, बोटांच्या पेरांवर.
उघाडीची फळी कुणी उचलून नेली तेही सांगितलं, नावासकट.
निवट्या आणि चिंबोऱ्यांपर्यंत आले
तोवर घंटा वाजली.
समोरून एकजण हसला, मग बरेच हसले.
गॅलरीत बसून मला कळेना, कशाला.

संध्याकाळी टंकलिखित प्रत आली तेव्हा कळलं.
'हमारा खज़ाना भर दिया. पूरा खज़ाना भर दिया.'
पुढे कंसात: व्यवधान.
दुरुस्ती असल्यास उद्या दुपारी तीनपर्यंत कळवावी.

उद्या दुपारी तीन वाजता
मी कुणाच्यातरी जावयाच्या गॅस जोडणीच्या रांगेत होतो.

आठवड्याने धीर करून सांगितलं.
साहेब दिल्लीतल्या क्वार्टरच्या मागच्या पायरीवर
वाल सोलत बसले होते, गावाहून आलेले.
मान वर न करता म्हणाले,
"र्‍हाऊ दे. खजानाच व्हता तो."
कितीतरी वर्षं मला वाटायचं, त्यांनी मला माफ केलं.
हल्ली वाटतं, ते माझ्याशी बोलतच नव्हते.

आता मी नेरूळला राहतो, सेक्टर सहा,
तिसरा मजला, खिडकी खाडीकडे.
अमावास्या-पुनवेला आमच्या तळघरात पाणी चढतं,
स्कूटरच्या चाकांना मीठ धरतं.
सेक्रेटरी बर्वे त्याला गळती म्हणतात.
सभेच्या इतिवृत्तातही गळतीच लिहितात.
मी हात वर करतो, सहमत.

काल साहेबांच्या नातवाचा फोन, सुजलचा.
पुण्यतिथी आहे, नाक्यावर फ्लेक्स लावतोय,
आजांचं संसदेतलं भाषण मिळालं, ओरिजिनल, छापील,
काका, तुम्ही एकदा नजर टाका,
तीन वाजता छपाईला जातंय.

मोबाइलवर आला.
साहेबांचा फेट्यातला फोटो (फेटा त्यांनी कधी बांधला नाही),
मागे संसदेचे खांब, सोनेरी,
आणि खाली हातभर उंच अक्षरांत
'पूरा खज़ाना भर दिया!'
उद्गारचिन्ह नातवाचं.
म्हणजे आता साऱ्या नाक्याला वाचता येणार
की जोमा मढवींनी कुणाचा तरी खजिना भरला.
कुणाचा, एवढं लोक आपलं आपण ठरवतील.

अडीच वाजले होते.
चष्मा पुसला. उगाचच पाणी प्यालो.
मग एका बोटाने, अक्षर अक्षर शोधत, टाइप केलं:
खज़ाना नव्हे. खाजण.
चूक माझी.
'चूक माझी' पुसलं. पुन्हा लिहिलं. पाठवलं.

दोन निळ्या खुणा.
बराच वेळ काही नाही.
मग फोनच वाजला. मागे नाक्यावरची रहदारी,
कुणीतरी शिडी सरकवत होतं.
"काका, करतो बदल. पण लोक विचारतील.
खाजण म्हणजे काय?"

मी उभा राहिलो. का, कुणास ठाऊक.
बोलायला तोंड उघडलं
आणि खाली तळघरात
पंप सुरू झाला.