खूणगाठ

डंडीत जानेवारीत चारलाच अंधार होतो,
टे नदीवरचा पूल दिव्यांपुरता उरतो.
त्या बुधवारी दातांच्या दवाखान्यातून फोन आला:
अकरा पेशंटांना निरोप गेले,
आणि अकराही निरोपांत
'श्रीमती पेट्री, शुक्रवारी सव्वादहा.'

कोड माझाच.
नंबर ज्याचे त्याला दिले होते,
नावासाठी मात्र लूपबाहेर एकच डबा ठेवला,
त्यात एकेक नाव टाकत गेले
आणि प्रत्येक कॉलबॅकला सांगितलं:
नऊ वाजता ऊठ, डबा उघड,
असेल ते नाव वाच.
नऊपर्यंत डब्यात शेवटचीच बाई उरणार,
हे मला कळायला हवं होतं.
निरोप्यांचं काय चुकलं?
सांगितल्या वेळी उठले,
सांगितलं तेवढंच केलं.

फर्गस खुर्चीमागे उभा राहून चहा पीत होता.
हसला नाही, हे त्याचे उपकार.
"निघतानाच हातात दे ना त्याच्या," एवढंच म्हणाला.

हातात दे. म्हणजे बाइंड.
म्हणजे आमच्याकडची पदराची गाठ,
बाजारात गेल्यावर बोटांना लागते
आणि मीठ आठवतं.
मारली गाठ. ज्याचं नाव त्याच्या पदरी.
आता डब्याचं काहीही होवो.
शिवाय डबाही लूपच्या आत घेतला,
दर फेरीला नवा.
एकानं भागलं असतं,
पण त्या दिवशी माझा माझ्यावर भरवसा नव्हता.

रविवारी श्रीरंगला फोन केला होता.
साताऱ्यात, दुकानात गिऱ्हाईक उभं.
"नंतर करतो," म्हणाला.
आणि केला की. शब्दाचा पक्का.
त्याचे साडेअकरा, माझे सहा.
"हं, काय म्हणत होतीस?"
सकाळी जे ओठांवर होतं
ते तोवर जागेवर नव्हतं.
त्याला निघताना काही दिलंच नव्हतं मी,
नुसता नंबर.
म्हटलं, काही नाही रे,
थंडी फार आहे इकडे.

शुक्रवारी पेट्रीबाई आल्या, सव्वादहाला, लाल हातमोजे घालून.
त्यांच्या मागोमाग एक म्हातारे गृहस्थ,
लॅमंट आडनावाचे, खांद्यावर बर्फ,
तारीख खरं तर मंगळवारची.
काउंटरवर टोपी काढून म्हणाले,
निरोप माझा नाही, ते कळलं मला.
पण दात माझाच दुखत होता.