बरणीचं माप

राजापूरला परकारांच्या दुकानात
पुराची रेघ अजून भिंतीवर आहे, माझ्या खांद्याएवढी.
रेघेखाली प्लास्टिक, रेघेच्या वर चिनी माती.
जे तरंगतं ते खाली, जे बुडतं ते वर,
असा त्यांचा हिशेब.

मला खारातल्या गऱ्यांसाठी बरणी हवी आहे.
उपकेंद्राच्या मागे फणस आहे,
सरकारी, म्हणजे कुणाचाच नाही,
म्हणूनच बहुतेक इतका लागतो.

पहिल्या वर्षी स्टीलचा डबा वापरला,
लग्नात आलेला, झाकणावर नावं कोरलेली.
मिठाने तो आतून टोचून टोचून खाल्ला
आणि श्रावणातल्या एका रात्री खार ठिबकला
खालच्या फळीवर, लसीकरणाच्या वहीवर.
गावातली सगळी बाळं निळी होऊन
एकमेकांत वाहत गेली.
साहेबांना लिहून दिलं, गळतीमुळे.
कसली गळती, ते त्यांनी विचारलं नाही.
झाकणावरची दोन्ही नावं मात्र शाबूत होती.

दुसऱ्या वर्षी काच.
झाकण घट्ट, अगदी घट्ट लावलं,
हाताला सवयच तशी, बाहेरचं काही आत जाऊ नये.
चौथ्या रात्री फुटली.
आत काही जगत असेल तर त्याला फट लागते
हे मी दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या ओटीवर सांगते,
दाबून ठेवू नका हो, बोला कुणाशी तरी.
पहाटेपर्यंत भिंतीवरचे गरे पुसत होते.

मडकं कसं आहे, मी विचारलं.
पाण्याला बरं, परकार म्हणाले, खाराला नाही,
ते पाझरतं, अंगावर पांढरं फुलतं त्याच्या.
मग स्टुलावर चढून त्यांनी एकेक बरणी वाजवली
बोटाच्या पेराने, कान लावून.
ही बद्द वाजते, ठेवू या.
ही बघा. हिचा आवाज आत फिरून येतो.

आणि मग, हात एकशेरी आणि पाचशेरीच्या मधे धरून,
'घरात माणसं किती?'

हाच प्रश्न मी दारोदार विचारते, वही घेऊन,
आणि पेन थांबवून वाट बघते.
किती वेळ थांबतो तो पेन,
ते आज कळलं.

मोठी द्या, म्हटलं.
'अर्धीच भरलीत तर बुरशी धरेल,
रिकाम्या जागेत हवा बसते.'
द्या.
'झाकण दुसरीचं आहे. बसतं, पण रंग जुळत नाही.'
वीस रुपये त्यांनी आपणहून कमी केले.

एसटीत मांडीवर घेऊन बसले.
कंडक्टर म्हणाला, हिचं अर्धं काढू का?
रात्री पाणी भरून पेपरवर ठेवली.
सकाळी पेपर कोरडा, चोख,
फक्त बुडाचा एक गोल धुळीत उमटलेला.

माझे गरे पोटापर्यंतच आले.
जाडं मीठ घातलं तरी वर वीतभर पोकळी.
दारात रेश्मा खारवी उभी, आमची आशा,
कडेवर पोर, डोक्यावर टोपली,
'बाय, माझेपण टाक त्यातच,
माझी बरणी या मेल्याने फोडली.'
तिचे गरे माझ्याहून जाड कापलेले.
वेगळे ओळखू येतील, म्हणाली.
येऊ देत.

वर खाडीतला गुंडा, तीनदा उकळलेला.
तोंडाला दादरा, ड्युटीच्या जुन्या पांढऱ्या साडीचा.
गाठ सैलच मारली.

काल रात्री अडीचला कुणीतरी हाक मारली, कळा सुरू झाल्यात.
बॅटरी शोधत अंधारात चप्पल चाचपत होते
तेव्हा कोपऱ्यातून ऐकू आलं,
गुडुक,
आणि जरा थांबून, पुन्हा.
आले हं, मी म्हणाले.
कुणाला, ते घाईत कळलं नाही.