पुठ्ठे

नायना जेकार्डचे पुठ्ठे पाडायचे,
कन्ना चौकामागं, पत्र्याच्या खोलीत.
भोक असेल तिथं सुई आत जाते, धागा वर येतो.
भोक नसेल तिथं धागा खाली, गुमान.
मोर काय न् कमळ काय, ते सांगायचे,
चादरीवर दिसतं ते सगळं भोकांचं.

हे आठवलं
अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्यात,
दुपारी, डबा धुऊन आल्यावर.
सूतवाल्याचं एक बिल शोधत होते.
शेठनी ऑफिसचा मेल कधी काढलाच नाही,
माझ्याच नावावर चालतं सगळं.
तर कुठंतरी बोट पडलं
आणि एक पान उघडलं: खरेदी.

मी कधी मांडलं नव्हतं हे पान.
अम्माचा गुडघ्याचा पट्टा, मार्च.
कुकरच्या दोन रिंगा.
विनयचे बूट, आठ नंबर, परत केलेले.
केस गळतात त्यावरचं तेल,
मग तेलही नाही,
मग सुती टोप्या, तीन,
आणि जुलैत ती.
डावीकडची. सिलिकॉनची. फोटोसकट.
किंमत, तारीख, घरी पोचल्याची वेळ: ११.४२.
तेव्हा मी दार अर्धंच उघडलं होतं.

'काय ओ, एवढं काय बघायलात?'
शेजारून येमूलबाई.
काई नाई म्हणत मी स्क्रीन झाकली तळहातानं,
जशी आरशासमोर झाकते.

वर्षभर शेजारी बसून त्यांना ठाऊक नाही.
विनयला नाही.
अम्माला 'गाठ काढली' एवढंच.
झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात.
माझ्या मुठीची किंमत तिथं नीट लिहिलीय,
तीन हजार दोनशे नव्व्याण्णव, डिलिव्हरी मोफत.

आमच्या गल्लीतला टपाली
मनीऑर्डरची रक्कमसुद्धा कानात सांगायचा.

रात्री खोडायला बसले.
यादीतून काढायचं तर मेलच काढा, असं कळलं.
मेल गेला तर पावती गेली,
पावती गेली तर दोन वर्षांची वॉरंटी.
मग कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागं
तेलुगूत उतरवून घेतलं, ऑर्डर नंबर, तारीख,
वस्तूच्या जागी लिहिलं: चादर, एक.
विनयला तेलुगू वाचता येत नाही.

मग एकेक.
काढायचं? नक्की?
नक्की.
कचऱ्याच्या डब्यातही पडून राहतं म्हणे काही दिवस.
तोही उपडा केला.
पण पुसलं म्हणजे पुसलं का, कुणाला विचारू.
एवढी भोकं पडलेला पुठ्ठा
आधीच कुठल्या मागावर चढला असेल,
कुठल्या गावात विणला गेला असेल माझा मोर,
एका बाजूनं सपाट.

नायनांचंही चुकायचं कधी.
मग ते कागदाचा कपटा घ्यायचे, खळ लावायचे,
भोकावर अंगठ्यानं दाबून धरायचे
वाळेपर्यंत.
तेवढा वेळ कुणाशी बोलायचे नाहीत.
सुई मग तिथं येऊन अडायची.
धागा खालीच.

काल सात रस्त्याजवळच्या दुकानात गेले,
तिच्यासाठी नवं कव्हर हवं होतं.
काउंटरवरची मुलगी, बिल्ल्यावर नाव शाहीन मणेर,
'मोबाइल नंबर, मॅडम? मेल आयडी?'
नको, म्हणाले.
'त्याशिवाय बिल पुढं जात नाही ओ.'
तिनं माझ्याकडं बघितलं.
मग कुठंच न बघता
दहा वेळा नऊ दाबला.

वर्तमानपत्रात गुंडाळून दिलं तिनं, दोरा बांधून.
रिक्षात, घरी येईपर्यंत,
माझा अंगठा त्या पुडक्यावर
तसाच दाबलेला.