रिकीब

कोइंब्राच्या इस्पितळात, शेवटचा रोगी गेल्यावर,
डॉक्टर किंतेला एक कवटी यंत्रात सरकवते.
ब्रितेश वालादाँव. निळ्या फरशा रंगवायची.
चर्चच्या जुन्या वहीत तिच्या नावापुढे:
'बहिरेपणाचं सोंग घेते. प्रार्थनेत हाकेला ओ देत नाही,
भट्टीच्या धडधडाटात मात्र सगळं बरोबर ऐकते.'

पडद्यावर कानातलं हाड,
तांदळाच्या कणीएवढी रिकीब,
आपल्याच खिडकीत रुतून बसलेली.

शिकाऊ पोराला ती सांगते,
असल्या कानांना गोंगाटातच बरं ऐकू येतं.
गोंगाटात माणसं ओरडून बोलतात ना.
बाकी शांतता म्हणजे भिंत.
आणि बाळंतपणागणिक ती जाड होत जाते कधीकधी.
वहीत मुलं चार.

तो फरशांचे फोटो चाळतोय.
एकही देवदूत वर बघत नाही,
सगळे कुणाच्या ना कुणाच्या ओठांकडे.
"आज असती तर?"
"तासाभराचं काम. टाचणीएवढा दांडा बसवायचा."

मग ती उगाच मास्क खाली ओढते,
कवटीसमोर वाकते,
ओठ नीट हलवत, सावकाश:
"बोआ नोइत, ब्रितेश."

यंत्राचा पंखा घरघरतोय.
बरंच झालं.