मऊ गवत

नावाच्या तोंडालाच अडखळायला होतं.
सुवार्ता म्हणते, आधी नाकातून हुंकार दे,
गाय हंबरण्याआधी देते तसा, मग पुढचं सोड.
न्गोरोंगोरो.

जेल रोडच्या तिच्या गच्चीवर नकाशा पसरलाय,
वाऱ्यानं उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर
गोळ्यांचा डबा, अडकित्ता, तिचा चष्मा
आणि माझा पासपोर्ट.

एकतीस वर्षं प्रेसमध्ये मी लोकांचे पासपोर्ट मोजले.
सगळे कोरे.
सुटताना रोज झडती,
एखादा देश पदराला चिकटून बाहेर जात नाही ना म्हणून.
हा पहिलाच, जो माझ्यासोबत राहिला.

फेब्रुवारीत पिल्लं. सप्टेंबरात गर्दी.
एप्रिलमध्ये स्वस्त, पण चिखल.
पिवळ्या तापाची लस मुंबईला जाऊन घ्यायची.
एजंट म्हणाला, मावशी, स्वेटर घ्या, कड्यावर गारठा असतो.
आफ्रिकेत? मी विचारलं.
म्हणजे आपलं त्र्यंबकच की, सुवार्ता म्हणाली,
आणि यादीत दशम्या लिहिल्या.

एक डोंगर होता म्हणे.
पोटातलं सगळं ओकून झाल्यावर
आपल्याच अंगावर मट्कन बसला.
त्या खळग्यात आता सिंह दुपारचे झोपतात.
आपला पाटाही त्याच जातीचा, कधीकाळी वाहिलेला दगड.
इतकी वर्षं त्यावर मिरची वाटली,
तिखट कुणाचं होतं कोण जाणे.

काल चेहेडीच्या उसात बिबट्या दिसला.
वनखात्यानं पिंजरा लावलाय,
कोंबडी आत, बिबट्या बाहेर.
ह्याला व्हिसा लागत नाही, सुवार्ता म्हणते
आणि उठून जिन्याचं दार लावून घेते.
उठताना गुडघा वाजतो, दोघींना ऐकू येतो.

पुस्तिकेत लिहिलंय, जिराफ तिथं उतरत नाही,
कडा फार उभा.
ती काही बोलत नाही.
मी घाईनं पुढचं वाचते:
म्हातारे हत्ती मात्र उतरतात.
दाढा झिजल्या की त्यांना
दलदलीकाठचं मऊ गवत लागतं.
जीपला उतरायची वाट वेगळी, चढायची वेगळी,
सहाच्या आत वर यायचं.
हत्तींचं काय, ते दिलेलं नाही.

सुवार्ता कवळी काढते, पेल्यात ठेवते,
पेला नकाशावर ठेवते, तळ्याच्या जरा वर,
आणि बोळक्या तोंडानं,
पहिल्यांदाच न अडखळता, ते नाव घेते.

फेब्रुवारी, म्हणते. लिही.