रिकाम्या जागा भरा

चोडण ते रायबंदर : सात मिनिटं.
भरतीला आठ. गाड्या दाटीने लावल्या
तर रॅम्प उचलण्यात आणखी एक जातं.
तेवढ्यात एक स्वाध्याय होतो.

ज्युवेना पणजीला बी.एड. करते.
स्कूटर लावून, हेल्मेट काढायच्या आधीच विचारते,
"रोहिदासबाब, होमवर्क?"
मी दोर गुंडाळतो, हात पँटला पुसतो,
छातीच्या खिशातून वही काढतो.
वहीला डिझेलचा वास. तिला चालतो.

सत्तावन्नाव्या वर्षी इंग्रजी कशाला,
म्हणून इंजिनावरचा कुष्टा हसतो.
त्याला सांगितलेलं नाही
की स्विंडनला माझी एक नात आहे, चार वर्षांची.
फोनच्या काचेतून ती काहीबाही विचारते
आणि मी नुसता हात हलवतो,
फेरी चुकलेल्या माणसाला हलवावा तसा.

आधी शब्दयोगी अव्ययांनी छळलं.
आपल्याकडे आधी नदी, मग 'वर'.
आधी माणूस, मग 'साठी'.
त्यांचा 'ऑन' आधीच येऊन उभा,
मागून काय येईल ते येवो : टेबल, बेट, सोमवार.
सोमवारवरसुद्धा बसतात ते लोक!
मी म्हटलं, हे उलटं आहे.
ती म्हणाली, रॅम्पसारखं आहे, बाब.
आधी रॅम्प टाकायचा, मग गाडी.
तेव्हापासून माझी एक चूक नाही.
(खोटं. 'ॲट' अजून पाण्यात पडतो.)

शब्द मी बोटीवरच गोळा करतो.
दोराला रोप म्हणतात.
तीस वर्षं हातात रोप धरलं, कुठे लावलं नाही.
खारफुटीत मगर दिसली तर पहिल्यांदा 'अ',
पुन्हा दिसली की 'द'. ओळख झाली म्हणून.
पूल म्हणजे ब्रिज. आमचा ब्रिज
गेल्या तीन निवडणुका 'विल बी' मध्ये आहे.

मंगळवारी तिने दोन वाक्यं लिहून दिली.
'हॅज बीन टू' : गेला होता, परत आला.
'हॅज गॉन टू' : गेला, तिकडेच आहे.
मराठीत मी दोन्हीला 'गेलाय' म्हटलं असतं,
उरलेलं ऐकणाऱ्याला तोंडावरून कळलं असतं.

खाली रिकाम्या जागा.
पहिली माझ्यावरच. सोपी.
दिवसातून वीसदा रायबंदरला जातो नि वीसदा येतो,
बीन, बीन, बीन,
इंजिनही दुसरं काय म्हणतं?
दुसरी पोस्टमनची. तिसरी कुष्ट्याची, तो म्हापशाला गेलाय.
चौथी तिने सहज घातली असावी,
शिकणाऱ्याच्या घरची नावं घ्यावीत
असं बी.एड.ला सांगतात म्हणे.
तन्वेश, मग रेघ, मग इंग्लंड.

'गॉन' लिहिलं. अक्षर बरं आलं.
मग उगाच, समासात, न विचारलेलं एक वाक्य केलं.
आईच्या बाराव्याला तो आला होता ना,
चार दिवस, परतीचं तिकीट काढूनच,
म्हणजे तिकडे कोणी विचारलं तर
तन्वेश हॅज बीन टू गोवा.
व्याकरणात काही चूक नव्हती.
ज्युवेनाने त्याखाली बरोबरची खूण केली
आणि मग बराच वेळ
हेल्मेटचा पट्टा लावत राहिली.

रविवारी फोन आला. मी पाठ केलेलं
एकदाचं म्हटलं, सगळं, न अडखळता :
हॅव यू बीन टू गोवा?
नात थांबली. आजोबा बोलतात
हे तिला नवीन होतं.
"नॉट येट," म्हणाली,
आणि कॅमेऱ्यात स्वतःचा गुडघा दाखवला,
खरचटलेला.

'येट' मला आला नव्हता.
सोमवारी, सोमवारवर बसून, मी वाट पाहिली.
ज्युवेना म्हणाली, ते पुढच्या धड्यात आहे,
आज वेळ नाही, धक्का आला.
स्कूटरी आधीच गुरगुरत होत्या.
मी तळहातावर पेनाने 'येट' लिहिलं
आणि दोर फेकला.