गजन पिन

सीमा मी पाहिलेली नाही.
एअर क्लीनर उघडला की तिची धूळ पाहते:
वाळवंटातली मैद्यासारखी, बोटांना चिकटते,
सिक्कीमकडची ओली, काळपट, तीत पाइनची एखादी सुई.
ही गाडी आली तेव्हा आत राखाडी भुकटी होती
आणि चहापत्तीएवढे चमकते कण.
कुठून आली, विचारायचं नसतं.
जॉब कार्डावर फक्त नंबर.

रिकव्हरी गाडी. आठ चाकं.
नाल्यातून, चिखलातून दुसऱ्यांना ओढून काढणारी,
ती स्वतःच दुसरीच्या हुकाला लागून कामठीत आली.
मे महिना. शेडचा पत्रा दुपारी तडतडतो,
पाना आधी बादलीत बुडवायचा, मग हातात घ्यायचा.

सुरू केली तर आत काहीतरी ठोकत होतं.
हवालदार थंगराज म्हणाला, मेन बेअरिंग.
फोरमन पराते म्हणाले, पिस्टन वाजतो, गरम झाली की जाईल.
गरम झाली. गेला नाही.
मी स्क्रूड्रायव्हर ब्लॉकला टेकवून मूठ कानाला लावली.
सगळीकडून तोच आवाज,
एका घरात सहा भाऊ भांडावेत
आणि सुरुवात कोणी केली ते कळू नये, तसा.

निनावे उस्तादांना निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली.
टेस्ट बेडजवळ उभं राहून राहून कान गेले.
शेवटी शेवटी ते स्क्रूड्रायव्हरची मूठ दातांत धरत,
डोळे मिटत
आणि कवटीनं ऐकत.
त्या मुठीवर त्यांच्या दातांचे व्रण आहेत. ती माझ्या पेटीत आहे.
वडील त्यांचे हातमागावर.
"धोटा चुकला का बाप न पायता सांगे.
आपलंबी तसंच, पोरी."

मोबाइल गेटवर जमा होतो. आवाज बाहेर कसा न्यायचा?
बोटात घेतला.
येरखेड्यापर्यंत स्कूटीच्या हँडलवर वाजवत गेले,
विसरू नये म्हणून.
फाटकाशी शेजारचा माणूस माझ्याकडे बघतच राहिला.

दार उघडंच. कुलरचं बेअरिंग किंचाळत होतं,
त्यांना पत्ता नव्हता.
मी हात ओढून घेतला, तळव्यावर ठोकायला लागले.
"आता रेस दे," म्हणाले.
मी रेस दिली.
"घाई तुले हाय. इंजिनले नाही."
पुन्हा.
जोडीचे दोन ठोके, मग एक रिकामी जागा.
त्या रिकाम्या जागेवर त्यांनी माझं बोट धरून ठेवलं.
"गजन पिन. बुश खाल्ली तिनं.
एकेक पाइप सैल कर.
जिथं आवाज बदलन, तोच."

तिसऱ्याला बदलला.
पिस्टन काढला तर बुश एका अंगानं कागदाइतकी उरलेली,
पिन तीत ढिली,
म्हातारीच्या बोटातल्या अंगठीसारखी.
थंगराजनं ती फडक्यावर ठेवून खूप वेळ पाहिली.
मग स्वतःच्या खिशातला बिस्किटाचा पुडा फोडून
सगळ्यांना वाटला, परातेंना दोन दिली.

बुश दाखवायला नेता येत नाही, झडती असते.
शनिवारी तशीच गेले. आधी कुलरला तेल घातलं.
मग तळव्यावर नवा ठोका:
एक पाच तीन सहा दोन चार,
एक पाच तीन सहा दोन चार,
कुठंच न अडखळता, पाठ केलेल्या पाढ्यासारखा.
ते ऐकत राहिले.
मला वाटलं, आता काही चांगलं बोलतील.
हात काढून लुंगीला पुसला.
"चौथ्याचा टॅपेट पाय. टाइट हाय."

बोट तर माझं होतं!
तरी सोमवारी फीलर गेज घेऊन गेले.
जागा रिकामी. खाली तेलाचे चार थेंब.
गाडी रात्रीच मालगाडीवर चढवलेली, उत्तरेकडे की कुठं,
कोणी सांगत नाही.

येईल कधीतरी.
आधी एअर क्लीनर उघडीन,
धूळ कुठली ते पाहीन,
मग चौथा.